एन उणे एक आहे का?

एक्सच्या एनव्या घाताचं इंटिग्रेशन बारावीची मुलं झोपेतून उठवलं तरी सांगतील: घात एकने वाढवायचा, वाढलेल्या घाताने भागायचं, शेवटी अधिक सी. मॅक्सिमा हे सॉफ्टवेअर असं पटकन सांगत नाही. त्याला तेच गणित घातलं की ते उलट आपल्यालाच विचारतं, "एन उणे एक आहे का?" आणि थांबतं. नाही म्हटलं तर ओळखीचं सूत्र देतं. हो म्हटलं तर लॉग एक्स. दोन पार वेगळी उत्तरं, आणि त्यांच्या मध्ये एवढा एक प्रश्न.

मला हा प्रश्न फार सभ्य वाटतो. पुस्तकात सूत्राशेजारी बारीक टायपात ती अट छापलेली असते, फळ्यावर मीही ती कंसात लिहिते, आणि वहीत उतरताना कंस गळून जातो. परीक्षेत उणे एकचं गणित वेगळ्या प्रश्नात येतं, त्यामुळे कंस गळल्याचे गुणही जात नाहीत. यंत्राला मात्र तो गाळून पुढे सरकता येत नाही. एन म्हणजे कोण, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

सवय नसलेल्या मुलांना हा प्रश्न म्हणजे बिघाड वाटतो. गणित आपण घातलंय, मग विचारणारं हे कोण? त्यातूनही धीर करून कुणी 'नो' टाईप करतं, एंटर दाबतं, आणि काहीच होत नाही. पुन्हा एंटर. पुन्हा शांतता. मग प्रयोगशाळेच्या मागच्या रांगेतून हाक येते, "मॅडम, हँग झालं." हँग काही झालेलं नसतं. मॅक्सिमाच्या साध्या काळ्या खिडकीत वाक्य अर्धविरामाने संपतं. तो दिला नाही तर त्याच्या दृष्टीने तुमचं बोलणं अजून चालू आहे. ते ऐकत बसलेलं असतं आणि आपण ते मेलं असं समजून खिडकी बंद करत असतो. अर्धविराम द्यायला सांगितलं की साचलेलं सगळं एकदम बाहेर पडतं आणि मागची रांग हसते.

तालुक्याच्या कॉलेजात बी.एस्सी.ला गणित शिकवताना अशा किरकोळ अडचणी सोडवण्यात माझा बराच वेळ जातो, आणि खरं सांगायचं तर तो वेळ मला व्याख्यानापेक्षा जास्त आवडतो. मॅक्सिमासारखी ही सॉफ्टवेअर फुकट आहेत म्हणून आमच्याकडे आली. विकतच्यांचे परवाने आमच्या कॉलेजला झेपणारे नव्हते. पण ती आमच्याकडे टिकली ती फुकटेपणामुळे नाही. त्याचं कारण पुढे येईल.

तक्रार बहुधा संध्याकाळी येते, फोनवर. "चालत नाहीये मॅडम," एवढा मजकूर आणि सोबत मोबाईलने काढलेला स्क्रीनचा फोटो. फोटो तिरका. पडद्यावर इंद्रधनुषी पट्टे, कोपऱ्यात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब, आणि जी ओळ वाचायला हवी नेमकी तीच फोटोच्या बाहेर. डॉक्टरकडे जाऊन नुसतं "बरं वाटत नाही" म्हणावं तसं हे. मग मी विचारते: तू काय टाईप केलंस? काय आलं? आणि काय यायला हवं होतं? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं पडद्यावरून उचलून पाठवता येतात. गाडी अडते ती तिसऱ्यावर. "बरोबर उत्तर यायला हवं होतं," असं मुलं लिहितात. बरोबर म्हणजे कोणतं? ते तुला आधीच ठाऊक आहे का? असेल तर कशावरून? इथे बऱ्याचदा संभाषण थांबतं आणि थोड्या वेळाने "सापडलं मॅडम" असा निरोप येतो. मी काही केलेलं नसतं. आपण मनात काय धरून चाललो होतो ते त्या मुलाने पहिल्यांदाच शब्दांत मांडलं आणि मांडताना ते त्यालाच दिसलं.

मनात धरून चालणं, हीच या सगळ्या प्रकरणातली गोम आहे. कापरेकरांच्या गणितात ती फार सुंदर दिसते.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर नाशिकजवळ देवळालीला शाळेत शिकवायचे. कुठल्याही चार अंकी संख्येतले अंक, सगळे सारखे नसले म्हणजे झालं, उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या क्रमाने लावा, मोठीतून लहान वजा करा, आणि आलेल्या उत्तरावर हेच करत राहा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते आणि मग हलत नाही. हे त्यांना १९४९ साली गवसलं. त्यांच्याकडे कागद, पेन्सिल आणि आकड्यांचं वेड होतं. बाहेरच्या जगाने त्यांची खरी दखल घेतली ती १९७५ मध्ये, मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात त्यांच्याबद्दल लिहिल्यावर. दर वर्षी पायथन शिकवताना मी हा प्रयोग देते, कारण त्याला दहाबारा ओळी पुरतात आणि आपल्या मातीतला माणूस आहे म्हणून मुलं जरा ताठ बसतात.

आणि दर वर्षी कुणीतरी येऊन विचारतं, "मॅडम, कापरेकरांचं चुकलं होतं का?" कारण त्याचा प्रोग्रॅम २१११ घेतो आणि ६१७४ ऐवजी शून्यावर जाऊन बसतो. उघडून पाहिलं तर काय घडतं? २१११ वजा १११२ बरोबर ९९९. यंत्र ९९९ मधले अंक उलटसुलट लावतं, दोन्हीकडे ९९९ च मिळतात, वजाबाकी शून्य. कापरेकर कागदावर करत होते तेव्हा त्यांनी ०९९९ लिहिलं असणार. चार घरं मांडलेली, त्यातलं एक रिकामं. त्यावरून ९९९० वजा ०९९९, म्हणजे ८९९१. मग ८०८२, मग ८५३२, आणि मग ६१७४. पायथनसाठी ९९९ ही नुसती संख्या आहे, तिच्या डाव्या बाजूला शून्य असायचं काही कारण नाही. 'चार अंकी' हा शब्द आपण सुरुवातीला एकदा उच्चारला आणि मग तो आपल्या डोक्यात राहिला, प्रोग्रॅममध्ये कधी पोचलाच नाही. दुरुस्ती एका छोट्या सूचनेची आहे: अंक चारपेक्षा कमी भरले तर पुढे शून्यं लाव. पण ही दुरुस्ती मी सांगत नाही. मी फक्त म्हणते की प्रत्येक पायरीवरचं उत्तर छापून बघ. तीन अंकांची ओळ दिसली की मुलाच्या चेहऱ्यावर जे येतं ते पाहायला मला आवडतं.

छोटं उदाहरण करायचा आग्रहही मी त्याचसाठी धरते. मोठा प्रोग्रॅम बिघडला की त्यातल्या ओळी एकेक करून काढत जायचं. चूक जाईपर्यंत नव्हे, चूक शिल्लक असेपर्यंत. शेवटी चार ओळी उरतात, चूक तशीच, आणि आता तिला लपायला जागा नसते. सॉफ्टवेअर सांभाळणारी जगभरातली माणसंही नेमकं हेच मागतात, कारण तुमच्या तीनशे ओळी वाचायला त्यांना वेळ नसतो. ही कसरत गणितवाल्यांना नवी नसावी. प्रमेय खोटं पाडायचं असलं तर आपण सगळ्यात लहान अपवादच शोधतो.

काही अडचणी मात्र अशा की त्यात गणित फारसं नसतं. जुपिटर नावाच्या सॉफ्टवेअरच्या वहीत चौकटी वरून खाली मांडलेल्या असतात, पण त्या कुठल्याही क्रमाने चालवता येतात. पडद्यावरचा क्रम एक आणि प्रत्यक्ष चालवण्याचा क्रम दुसरा. डाव्या बाजूच्या कंसातले आकडे तो खरा क्रम सांगतात, पण तिकडे कुणी बघत नाही. सकाळी कुणी एका चौकटीत 'ई' या नावाखाली पाच ठेवले, नंतर ती चौकट पुसली. पुसली तरी पाच तिथेच. दुपारी सेज या सॉफ्टवेअरमध्ये ईचा एक्सवा घात काढायला गेलं तर २.७१८ च्या जागी पाचच येतात. अशा वेळी मी "सगळं बंद करून नव्याने वरपासून चालव" म्हणते आणि हा उपाय इतक्या वेळा लागू पडतो की मुलांनी त्याला माझं नाव दिलंय.

०.१ आणि ०.२ ची बेरीजही याच पंथातली. पायथन ०.३०००००००००००००००४ दाखवतं आणि प्रत्येक नव्या तुकडीला आपण जगातली मोठी चूक शोधून काढल्याचा आनंद होतो. दहाने भागलेला एक हा दोनच्या घातांत मांडायला गेलं तर एकतृतीयांशाच्या दशांशासारखा कधी संपत नाही. यंत्र तो एका ठरावीक अंतरावर तोडतं, आणि कुठे तोडायचा याचा नियम १९८५ पासून जगभर जवळपास एकच आहे. त्याच सेजमध्ये एक भागिले दहा, अधिक दोन भागिले दहा असं लिहिलं तर नेमके तीनदशांश मिळतात, कारण तिथे अपूर्णांक अपूर्णांकच राहतो. टिंब दिलंत की तुम्ही मोजमाप करताय, तिरकी रेघ दिलीत की तुम्ही बीजगणित करताय, असं यंत्र धरून चालतं. म्हणजे मनात धरून चालणारे आपण एकटेच नाही.

सेज, म्हणजे सेजमॅथ, आमच्या संगणकांवर बसवणं ही वेगळीच यातना होती. २००५ साली संख्या-सिद्धांतात काम करणाऱ्या विल्यम स्टाइन यांनी ते सुरू केलं. मॅग्मा, मेपल, मॅथेमॅटिका आणि मॅटलॅब या चार विकतच्या सॉफ्टवेअरना खुला पर्याय उभा करायचा, एवढी मोठी उडी. त्यासाठी त्यांनी सगळं नव्याने लिहायचा हट्ट धरला नाही. मॅक्सिमा होतंच, बोर्दोमध्ये जन्मलेलं पारी होतं, काइझर्सलाउटर्नचं सिंग्युलर होतं, आखेनचं गॅप होतं. ही सगळी आपापल्या भाषेत बोलणारी मंडळी पायथनच्या धाग्यात ओवली. त्यामुळे ते मुळापासून बांधायला घेतलं की तासन् तास अक्षरांचा पाऊस पडत राहतो आणि मधेच थांबतो. शेवटची ओळ नुसतं 'चूक क्रमांक दोन' म्हणते. त्या ओळीत काही नसतं. खरं कारण शेकडो ओळी वर कुठेतरी, एखाद्या न सापडलेल्या लायब्ररीच्या नावात दडलेलं असतं; वर चढत जायचं आणि पहिली तक्रार शोधायची. पायथनची रीत याच्या उलट, तिथे सगळ्यात खालची ओळ मुद्द्याची. एकाच पडद्यावर या दोन्ही रीती येतात तेव्हा नवख्या माणसाने वाचायला सुरुवात तरी कुठून करावी? आमच्या प्रयोगशाळेतला सहायक या बाबतीत माझ्यापेक्षा पुढे आहे. त्याला इंटिग्रेशन येत नाही, पण तो लॉग वाचतो.

आता ही सॉफ्टवेअर आमच्याकडे टिकण्याचं कारण. सेजमध्ये कुठल्याही सूचनेच्या नावापुढे एक प्रश्नचिन्ह टाकलं की तिची माहिती उघडते: काय घेते, काय देते, उदाहरणं. दोन प्रश्नचिन्हं टाकली की ती सूचना ज्या ओळींनी बनली आहे त्या ओळीच समोर येतात. मी पहिल्यांदा मुलांना हे दाखवते तेव्हा त्यांना त्यात विशेष वाटत नाही; मला अजूनही वाटतं. उत्तर कसं आलं, असं विचारलं आणि त्याने पूर्ण खालपर्यंत जाऊ दिलं. अवयव पाडणाऱ्या सूचनेत शिरलं की ती काम पारीकडे सोपवताना दिसते. इंटिग्रेशन अडलं की तक्रारीचा वरचा भाग पायथनचा, मधला जोडणाऱ्या पट्टीचा, आणि अगदी तळाशी मॅक्सिमाचं तेच जुनं वाक्य: एन उणे एक आहे का? इथे मात्र त्याला थांबून उत्तराची वाट बघता येत नाही, म्हणून सेज ते वाक्य तक्रारीत गुंडाळून वर पाठवतं आणि सोबत सुचवतं की आधी 'अझ्यूम' सांगून टाका, एन शून्याहून मोठा वगैरे. सांगितलं की सूत्र मुकाट्याने येतं. 'फर्गेट' म्हटलं की ते सगळं विसरतं. 'फर्गेट' म्हणायचं राहिलं तर पुढचं भलतंच गणितही जुन्या अटीखाली सुटतं, आणि मग पुन्हा मला फोटो.

तळाशी सापडणाऱ्या त्या वाक्यामागे माणसं आहेत. मॅक्सिमाच्या पूर्वजावर एमआयटीत १९६८ साली काम सुरू झालं. नाव जवळपास तेच, स्पेलिंग वेगळं. पुढे त्याचे फाटे फुटले, काही विकायला गेले. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याकडे असलेली एक प्रत टेक्सास विद्यापीठातले गणिताचे प्राध्यापक विल्यम शेल्टर १९८२ पासून सांभाळत राहिले. १९९८ मध्ये त्यांनी खात्याकडून ती सर्वांना खुली करण्याची परवानगी मिळवली. २००१ मध्ये ते गेले. परवानगीचा तो कागद झाला नसता तर ती प्रत त्यांच्याबरोबर संपली असती असं मी म्हणणार नाही, पण सांगलीच्या बाजूच्या एका कॉलेजात ती येऊन पोचली नसती हे नक्की. त्यांच्यानंतर वापरणारेच सांभाळणारे झाले.

गॅप सुरू करणारे योआखिम नॉयब्यूसर यांचा मुद्दा मला नेहमी आठवतो. १९८६ मध्ये आखेनला त्यांनी या कामाची सुरुवात केली. ग्रुप थिअरीची गणितं सोडवणारी ही प्रणाली. त्यांचं म्हणणं साधारण असं की सिलोचं प्रमेय ग्रंथालयात जाऊन कुणीही वाचू शकतं, सिद्धता तपासू शकतं, आणि मग आयुष्यभर पैसे न देता वापरू शकतं. मग त्याच गणितावर चालणाऱ्या प्रोग्रॅमला परवाना का लागावा आणि त्याच्या आत का बघता येऊ नये? पैशाचा भाग सोडला तरी दुसरा भाग उरतोच. २०१४ मध्ये अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या 'नोटिसेस'मध्ये तीन स्पॅनिश गणितींनी आपला अनुभव लिहिला होता. मोठमोठ्या पूर्णांकांच्या मॅट्रिक्सचा निश्चयक ते मॅथेमॅटिकाकडून काढून घेत होते. उत्तर चुकीचं येत होतं, आणि तोच निश्चयक पुन्हा काढला तर वेगळंच येत होतं. पूर्णांकांची गणितं ती, तिथे दशांश तोडण्याचीही सबब नाही. त्यांनी कंपनीला कळवलं. पण दार बंद असल्यामुळे आत नक्की काय बिनसलंय हे त्यांना स्वतः पाहता येईना.

खुल्या सॉफ्टवेअरमध्ये चुका नसतात असं कुणी समजू नये. भरपूर असतात. पण सेजमध्ये प्रत्येक सूचनेसोबत उदाहरणं आणि त्यांची अपेक्षित उत्तरं लिहायची रीत आहे, ती उदाहरणं यंत्र पुन:पुन्हा स्वतः चालवून ताडून बघतं, आणि काही उदाहरणांपुढे चक्क 'ही चूक आम्हाला ठाऊक आहे' अशी खूण केलेली असते. स्वतःच्या पुस्तकात अशी खूण करणारा लेखक मला अजून भेटायचा आहे.

ऑक्टेव्ह या आणखी एका खुल्या सॉफ्टवेअरचा जन्म तर अडचणीतूनच झाला. १९८८ च्या सुमारास अमेरिकेतले दोन केमिकल इंजिनिअरिंगचे प्राध्यापक रिअ‍ॅक्टरच्या रचनेवर पाठ्यपुस्तक तयार करत होते, आणि मुलांचा सगळा वेळ आपला फोरट्रानचा प्रोग्रॅम का कोसळला हे शोधण्यात जातोय, रसायन बाजूलाच राहतंय, हे त्यांच्या ध्यानात आलं. म्हणून सोबत एक सोपं गणनयंत्र द्यावं अशी कल्पना निघाली. जॉन ईटन यांनी १९९२ पासून ते पूर्ण वेळ लिहायला घेतलं. नावाचा संगीताशी संबंध नाही. ऑक्टेव्ह लेव्हनश्पील हे ईटन यांचे जुने प्राध्यापक. मोठ्या गणिताचं उत्तर पाकिटाच्या पाठीवर अंदाजाने काढून दाखवण्यात त्यांचा हातखंडा. त्यांचं रिअ‍ॅक्शन इंजिनिअरिंगचं पुस्तक आपल्याकडच्या केमिकलच्या मुलांनीही पिढ्यान् पिढ्या रट्टा मारून वाचलंय, पण लॅबमध्ये ऑक्टेव्ह उघडताना आपण त्याच सरांचं नाव टाईप करतोय हे फार थोड्यांना माहीत असतं.

गंमत म्हणजे पवईतही खुल्या सॉफ्टवेअरचं काम केमिकल इंजिनिअरिंगच्याच एका प्राध्यापकाने उभं केलं. आयआयटी मुंबईचे कण्णन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने फॉसी हा प्रकल्प सुरू झाला, केंद्र सरकारच्या पैशावर. फ्रान्समध्ये जन्मलेलं सायलॅब हे सॉफ्टवेअर त्यांनी कॉलेजाकॉलेजात नेलं, आणि नेहमीच्या पाठ्यपुस्तकांतली सोडवलेली उदाहरणं विद्यार्थ्यांकडूनच सायलॅबमध्ये लिहून घेतली. म्हणजे पुस्तक हातात, पान माहीत, आणि त्याच पानाचा प्रोग्रॅम तयार. त्यांचेच स्पोकन ट्युटोरिअलचे छोटे छोटे धडे मराठीतही आहेत: पडद्यावरची अक्षरं इंग्रजीच ठेवायची, आवाज तेवढा आपल्या भाषेतला. धडा ध्वनिमुद्रित करण्यापूर्वी त्याची संहिता एखाद्या नवशिक्याला देऊन बघतात. तो जिथे अडेल तिथे वाक्य बदलायचं. मला विचाराल तर त्या सगळ्या प्रकल्पातली ही सर्वांत शहाणी पायरी. तज्ज्ञ माणूस काय गृहीत धरून चाललाय हे दुसऱ्या तज्ज्ञाला दिसतच नाही.

सध्या माझ्याकडे जतहून एसटीने येणारी एक मुलगी आहे. तिने सेजला एक्सच्या एकतृतीयांश घाताचा ग्राफ मागितला, उणे आठपासून आठपर्यंत. ग्राफ उजवीकडचाच आला; डावा अर्धा कोरा. फोटो आला, खाली मजकूर: "मॅडम, हे अर्धंच काढतंय." तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिच्याकडे तयार होतं. उणे आठचं घनमूळ उणे दोन, हे तिला शाळेपासून ठाऊक, म्हणून डावीकडे रेघ हवीच. चोख.

सेजला उणे आठचा एकतृतीयांश घात नुसता विचारला तर ते उणे दोन म्हणत नाही. उणे एकचं घनमूळ तसंच ठेवून त्याला दोनने गुणतं. दशांशात काढायला सांगितलं तर एक अधिक १.७३२ आय असं येतं. कारण घनमुळं तीन असतात, आणि संमिश्र संख्यांच्या जगात त्यातलं एक मुख्य मानायचा संकेत आहे: उणे आठ म्हणजे आठ एकक लांब आणि १८० अंशांवर, अंशांचा तिसरा भाग ६०, लांबी दोन. साठ अंशांवरची ती संख्या ग्राफच्या कागदावर बसत नाही म्हणून डावी बाजू कोरी. त्या घाताचं उत्तर ऑक्टेव्हही असंच देतं. वास्तव घनमूळ हवं असेल तर दोन्हीकडे त्यासाठी वेगळी सूचना आहे. हे सगळं मी तिला फळ्यावर काढून दाखवलं. तिला पटलं, पण रुचलं नाही.

"मग ग्राफ काढताना त्याने तसं सांगायला नको का?" ती म्हणाली.

सांगितलं होतं. ग्राफच्या वर एक ओळ आली होती: इतक्या बिंदूंवर किंमत काढता आली नाही, शेवटची तक्रार अशी की संमिश्र संख्येचा दशांश होत नाही. ती ओळ फोटोत कापली गेली होती. मी ते दाखवल्यावर ती क्षणभर गप्प झाली आणि मग म्हणाली, "पण मॅडम, हे वाचून कुणाला काय कळणार?" संमिश्र संख्या मी मागितलीच कुठे, असं तिचं म्हणणं. वास्तव आकड्यांचा कागद पुढे ठेवल्यावर यंत्राने वास्तव आकड्यांतच बोलावं, किंवा निदान कुठली सूचना वापरायची ते त्याच ओळीत लिहावं. मी म्हटलं, माहितीपत्रकात हे लिहिलेलं आहे. "ग्राफ काढणारा आधी माहितीपत्रक वाचतो का?" वाचत नाही. मीही वाचत नाही. पण घातांचा नियम ग्राफसाठी एक आणि बीजगणितासाठी दुसरा ठेवला तर पुढे कुठेतरी याहून वाईट गोंधळ होईल, असं माझं मत आहे आणि ते मी सोडलेलं नाही. ओळीतल्या भाषेबद्दल मात्र तिचं बरोबर आहे.

तिने ते सगळं इंग्रजीत लिहून काढलंय: मी हे टाईप केलं, हे आलं, हे यायला हवं होतं, आणि ती सूचनेची ओळ अशी असावी. त्यात 'प्लीज' फार वेळा आलं होतं, एक ठेवून बाकीचे काढायला लावले. सेजची आवृत्ती कोणती ते वर लिहायला सांगितलं. फोटो जोडला होता, तो काढून त्या जागी पूर्ण मजकूर चिकटवायला सांगितला. बाकी एक अक्षर बदललं नाही. सोमवारी लॅबच्या तासाला ती ते सेज सांभाळणाऱ्यांना पाठवणार आहे.